केळीकुमार, धोतर सांभाळा

फैजपूर,
हनुमान जयंती होऊन दोन दिवस झाले.

श्रीयुत चुडामणदाजी यांच्या पायाशी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे प्रेमराजचा, अजून जिवंत राहिल्याबद्दल माफी मागून साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. माझ्या खुशालीबद्दल मध्यंतरी तुमच्या मनात जी शंका आली होती, ती हे अक्षर पाहून फिटावी. तुमचा गुडघा कसा आहे? अभिमन आणि सूनबाई भूमिका बरी आहेत ना? नातवाची परीक्षा कशी गेली? धुळ्याचं ऊन फैजपूरच्या उन्हापेक्षा सौम्य असतं असं तुम्ही दरवर्षी सांगायचात, आणि दर आखाजीला इथं येऊन आमच्या ओट्यावर उघड्या अंगानं बसून आमच्याच उन्हाला नावं ठेवायचात. ते ऐकवायला कोणी नसल्यामुळे इथलं ऊन हल्ली फार माजलं आहे. (आमची ही, दिपमाला, म्हणते की हे असलं काही लिहू नका, सरळ मुद्द्यावर या. पण मुद्द्यावर आलो की पत्र संपतं, आणि पत्र संपलं की तुम्ही ते घडी करून चष्म्याच्या डबीखाली सरकवणार, हे मला माहीत आहे.) फोनवरच बोललो असतो, पण तुम्ही "बोल" म्हणता आणि मी तोंड उघडायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणता. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा उद्योग.

तर मुद्दा असा. फाल्गुनात तुम्ही नातवाला घेऊन धुळ्यात कुठलासा मोठा सुपरहिरोचा सिनेमा पाहिलात. त्यातला नायक म्हणे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही हसला नाही, दाढी वाढवून अंधारात उभा राहिला आणि सगळं शहर त्याच्यासाठी रडलं. बाहेर आल्यावर नातवानं विचारलं, आजोबा, तुम्हीपण सुपरहिरो होतात ना, मग तुम्ही असे का नव्हता? त्याच दिवशी तुम्ही माझ्या लेकीला, हेमांगीला, फोन केलात. (ती पुण्याहून सिनेमाचं एडिटिंग शिकून आली आहे आणि आपल्या जुन्या कॅसेट कपाटातून काढून कॉम्प्युटरवर चढवते आहे, हे मीच तुम्हाला कळवलं होतं.) तिला तुम्ही सांगितलंत की त्या कॅसेट जाळून टाका, आपण गावात स्वतःचं हसं करून घेतलं, सुपरहिरोनं लोकांना हसवायचं नसतं. हे सगळं तुम्ही शुद्ध मराठीत बोललात असं ती म्हणाली. त्यावरून तुम्ही किती दुखावला आहात ते मला कळलं, कारण आपल्या घरात तुम्ही शुद्ध मराठी फक्त ताईच्या दहाव्याला बोलला होतात.

नातवाला कोणीतरी नीट सांगायला हवं म्हणून लिहितो. एवढा भाग त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. बाळा, तुझी आजी, म्हणजे माझी थोरली बहीण ताईबाई, दर आखाजीला माहेरी यायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि जावई मागाहून येऊन आमरस खातात व कंटाळतात. तुझे आजोबा फार कंटाळायचे. पत्ते खेळायचे तर चिडायचे, झोपायचे तर घोरण्यानं गल्लीतली म्हातारी माणसं उठून बसायची. एका वर्षी केळीवर असा करपा पडला की निम्म्या बागांची पानं वाळून गेली. मी नुकतंच कृषी सेवा केंद्र उघडलं होतं आणि दिवसभर करप्याच्या औषधांची माहिती सांगून माझं तोंड दुखत होतं. त्यात लग्नाच्या शूटिंगवाला वना म्हणाला की इथल्या केबलवर दुपारची वेळ मोकळी आहे, काहीतरी करून दाखवा. करपा हा राक्षस, त्याला मारणारा एक वीर, एवढी गोष्ट तुझ्या आजीनं आंब्याचा रस काढता काढता सांगितली. वीर कोण, हा प्रश्नच नव्हता. जावयाला राक्षस करण्याची आमच्याकडे पद्धत नाही. म्हणून तुझे आजोबा झाले केळीकुमार आणि मी झालो करपासुर. (सकाळी मी दुकानात करप्याचं औषध विकायचो आणि दुपारी केबलवर करपा पसरवायचो. गिऱ्हाइकं औषध घेताना माझ्याकडे फार संशयानं पाहायची.)

आता दाजी, पुन्हा तुम्ही वाचा. तुम्हाला पोशाखाचं आठवतं? हेमांगीनं कुठल्याशा पुस्तकात दाखवलं की साहेबांचा सुपरहिरो चड्डी विजारीवरून घालतो. वनालाही ते ठाऊक होतं आणि त्यानं तशी सूचना केली होती. तुम्ही ओट्यावरून उठून आत निघून गेलात. सासूबाईंच्या देखत जावई चड्डीवर हिंडणार नाही, हा तुमचा निरोप ताईनं बाहेर आणला. म्हणून हळदीच्या पाण्यात बुडवून पिवळं केलेलं धोतर ठरलं. पाठीवर मंडपवाल्याच्या फाटक्या लाल पडद्याचा तुकडा ताईनं शिवून दिला. त्याची सोनेरी झालर ती उसवायला विसरली की तिनं मुद्दाम ठेवली, हे मी तिला विचारायचं राहून गेलं. तो पडदा अंगावर चढला की तुम्ही लग्नाच्या मंडपाचा एक कोपरा उठून चालायला लागल्यासारखे दिसायचात. मी वाळलेली केळीची पानं सुतळीनं अंगाला बांधून, वर काळी घोंगडी पांघरून, वैशाखाच्या भर दुपारी राक्षस व्हायचो. करपासुराच्या डोळ्यांत जी लाली लोकांना दिसायची ती दुष्टपणाची नव्हती, उष्माघाताची होती.

तुमचं उडणं तर काय सांगावं. लेकींच्या झोक्याच्या फळीवर तुम्ही पालथे पडायचात, वना खाली खाटेवर उताणा पडून शूटिंग करायचा, म्हणजे मागे नुसतं आभाळ. झोक्यावर हक्क लेकींचा. त्या रांगेत कमरेवर हात ठेवून उभ्या, आणि तुम्ही उतरत नाही म्हणून मुद्दाम मोठ्यानं गौराईची गाणी म्हणायच्या. तो आवाज टेपमध्ये गेला तो गेलाच. त्यामुळे केळीकुमार उडाला की आभाळातून बायका गाणी म्हणतात, असं आजही फैजपूरच्या निम्म्या तरण्या माणसांना वाटतं. तुम्ही धुळ्याकडचे, तुमची भाषा अहिराणी. इथली बोली वेगळी. करपासुर पोथीतल्यासारखा बोलायचा, "हे मूढ मानवा, तुझ्या बागा मी भस्मसात करीन," आणि तुम्ही झोक्यावरून उतरून धापा टाकत म्हणायचात, "कोन शे रे तठे? केळीना घडले हात लावानं नही! बठ्ठा करपा आज सपाडी टाकसू!" आणि करपा संपवायला धुळ्याचा माणूस आला म्हणून गल्ली हसायची.

आणि ताई. ताई वनाच्या मागे खुर्ची टाकून बसायची. तिथं तिचं काम काय होतं हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही. वना सारखा म्हणायचा की ताईबाई, आवाज टेपमध्ये जातो, जरा पलीकडे बसा. ती तोंडात पदर कोंबायची आणि थोड्या वेळानं पदरातूनच फुटायची. तुम्हाला काही सांगायचं असलं की ती बांगड्या वाजवायची. (नाव घेणं तिच्या पिढीला शक्य नव्हतं आणि चारचौघांत "अहो" म्हणायलाही ती लाजायची.) बांगड्या वाजल्या की तुम्ही माझ्या छातीवर बसलेले असलात तरी मागं वळून पाहायचात, आणि करपासुर तेवढ्यात निसटायचा. प्रत्येक भागात राक्षस का निसटतो, असं लोक विचारायचे. त्याचं खरं कारण हे. तुमच्या बायकोला पाणी हवं असायचं, नाहीतर तुमच्या पाठीवर मुंगळा चढलेला असायचा.

शेवटच्या भागात केळीचा घड गदेसारखा उचलून तुम्ही माझ्या डोक्यात घालायचा होता. घड थर्माकोलचा होता. ताईनं सकाळीच तो काढून त्या जागी खरा, चांगला भरलेला घड ठेवला, आणि ती खुर्चीत गप्प बसून राहिली. (ती गप्प आहे एवढ्यावरून तरी आपल्याला कळायला हवं होतं.) तुम्ही आरोळी ठोकून घडाला हात घातलात. घड हलेना. तुम्ही थांबला नाहीत, आरोळी पुन्हा पहिल्यापासून म्हटलीत. तिसऱ्यांदा जोर लावलात तेव्हा घड वर येईना आणि धोतर खाली जायला लागलं. मागून कोणीतरी ओरडलं, तुम्ही सावध झालात, एका हातानं धोतर सावरलंत आणि दुसऱ्या हातानं माझ्या डोक्यात नुसतं एक केळं मारलंत. मी लगेच मेलो. मेहुण्याची अब्रू राखायला माणसानं एका केळानं मरायला काय हरकत आहे? त्यानंतर बरेच महिने पोरं माझ्या दुकानावरून जाताना केळं दाखवायची आणि मी उंबऱ्यावर कोसळून दाखवायचो. त्या पोरांतलीच एक आमची हेमांगी.

आणि हीच हेमांगी आता म्हणते की फुवांचं, म्हणजे तुमचं, बरोबर आहे. तिच्या मते ज्याला आपण हसलो त्याच्यासाठी आपला जीव तुटत नाही. वीर हसण्यावारी नेला की त्याच्यावर कोणाचा विश्वास उरत नाही, म्हणून तिला नवा केळीकुमार गंभीर करायचा होता. मी तिला म्हटलं, बाई, एक प्रौढ माणूस पाठीवर पडदा बांधून उडतो, हे ज्याला हास्यास्पद वाटत नाही त्या माणसाची मला भीती वाटते. वीरानं आधी आपलं हसं होऊ दिलं पाहिजे, मग लोक त्याला आपला म्हणतात. तुमचे ते दाढीवाले नायक पडत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी श्वास रोखावा लागत नाही. आमचा केळीकुमार झोक्यावरून कधीही पडला असता, सगळी गल्ली हात पुढे करून उभी असायची. ती म्हणाली, बाबा, तुम्ही तुमच्या तरुणपणाच्या प्रेमात आहात. पुण्यात असलं बोलायलाही शिकवतात असं दिसतं.

तर तिनं नव्या केळीकुमारचा सिनेमा केला. पोलीस भरतीची तयारी करणारा प्रशील नावाचा एक गुणी मुलगा वीर झाला. त्याला हसायची बंदी. त्याचा एक फोटो काढायचा झाला तर हेमांगी त्याला आधी अर्धा तास उन्हात उभा करायची, म्हणजे चेहऱ्यावर दुःख येतं. करपासुर मात्र मीच राहिलो (दुसरा कोणी मिळेना). पण आता पानं नाहीत, घोंगडी नाही. तोंडाला राख, डोळ्यांत काजळ, आणि मरताना मी पश्चात्ताप करायचा. राक्षसाला पश्चात्ताप! करप्याला जर पश्चात्ताप होत असता तर मी दुकान कशाला टाकलं असतं?

आता अपघाताकडे येतो. रामनवमीला हेमांगीनं जाहिरात केली. त्यात काळ्या रंगावर माझा एकट्याचा चेहरा, रंग काढून टाकलेला, डोळे मिटलेले. खाली लिहिलेलं, "एका पर्वाचा अंत." त्याखाली, "हनुमान जयंतीला सायंकाळी मारुती मंदिरासमोर सर्वांनी उपस्थित राहावे." तिच्या मते ती फार कलात्मक होती. मलाही बरी वाटली. मी ती हौसेनं सगळ्या नातेवाइकांना आणि कृषी केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर पाठवली. दाजी, आपल्या मुलखात मिटलेल्या डोळ्यांचा बिनरंगी फोटो कशासाठी लावतात हे आम्हा बापलेकींच्या डोक्यात आलंच नाही. मी पाठवून जेवायला बसलो. जेवून उठतो तो ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलेली. ज्या माणसानं मागच्या हंगामात माझ्या दुकानापुढे उभं राहून मला शिव्या घातल्या होत्या, त्यानं लिहिलं होतं की शेतकऱ्यांचा आधार हरपला. मी ताबडतोब खुलासा करायला हवा होता, हे खरं. पण आणखी कोण काय लिहितं ते पाहू म्हणून थोडा थांबलो. जिवंतपणी असं वाचायला मिळणं किती जणांच्या नशिबी असतं? त्या थोड्या वेळात बातमी जामनेर ओलांडून पहूरला पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राख फासून, काजळ घालून मागच्या अंगणात शेवटच्या दृश्यातल्या पश्चात्तापाची तालीम करत होतो, तेव्हा पुढच्या गल्लीत बायकांचा हंबरडा ऐकू आला. पहूरची झुंबरबाई मावशी जीप भरून माणसं घेऊन दारावर आली होती. गल्लीच्या तोंडापासून गळा काढायचा, ही तिची जुनी शिस्त तुम्हाला माहीत आहे. काय झालं म्हणून मी तसाच बाहेर धावलो. माझं तोंड राखेनं माखलेलं. मावशीनं मला पाहिलं, तिचा हंबरडा मधेच थांबला, आणि मग जो दुसरा सुरू झाला तो पहिल्याहून खरा होता. कोणीतरी तिला पाणी दिलं. मी पाया पडलो, तेव्हा हात लावून माझी कातडी गरम आहे याची तिनं खात्री केली आणि म्हणाली, "मेल्या, तू जिता आहे, तं मंग मेलं कोन?" मी म्हणालो, करपासुर. ती म्हणाली, त्याला तर चुडामणनं केळं मारून कधीच मारलं होतं, आता पुन्हा कशाला? दाजी, गंभीर सुपरहिरोवर याहून चांगलं मत मी ऐकलेलं नाही. शेजाऱ्यांनी एव्हाना रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी पाठवली होती. दुःखाच्या घरी पाठवायचं ते अन्न आम्ही सगळ्यांनी ओट्यावर बसून हसत हसत खाल्लं. मावशीनं मात्र शिरा केल्याशिवाय उठणार नाही म्हणून सांगितलं.

सगळे आले, दाजी. जामनेरचे आले, पहूरचे आले, ज्यांच्याशी बांधावरून बोलणं नाही तेही आले. तुम्ही आला नाहीत. मी तोंड धुऊन ओट्यावर बसलो आणि प्रत्येक एसटीच्या वेळेला रस्त्याकडे पाहत राहिलो. (मेलेला माणूस वाट पाहतोय, हे कसं दिसतं ते मला माहीत आहे.) मग तुमच्या सूनबाईचा, भूमिकाचा, फोन आला. तिनं सांगितलं की बातमी कळल्याबरोबर तुम्ही कोणाला न सांगता पिशवी घेऊन बाहेर पडलात, जळगावपर्यंत आलात, आणि स्टँडवर तिचा फोन लागला तेव्हा मी जिवंत असल्याचं ऐकून "बरं, ठेवतो" म्हणालात आणि समोर लागलेल्या धुळ्याच्या गाडीत बसून परत गेलात. जळगावहून फैजपूर किती लांब आहे? मेलेल्या मेहुण्यासाठी तुमचा गुडघा चालतो आणि जिवंत मेहुण्यासाठी दुखतो, हा कुठला न्याय? वनाला तुम्ही कधीतरी म्हणाला होतात म्हणे की बायको गेली की सासुरवाडी संपते. तुमची संपली असेल. माझी बहीण गेली म्हणून माझा मेहुणा गेला, असं मला कोणी सांगितलेलं नाही. तुम्ही न येता तीन आखाज्या झाल्या. झोका मी दर वर्षी बांधतो, गल्लीतल्या लेकी झोके घेतात, आणि मला ओट्यावर शेजारी उघडी पाठ दिसत नाही. मला तुमची फार आठवण येते, हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

हनुमान जयंतीला सिनेमा दाखवला. गर्दी उत्तम, कारण निम्मे लोक मी खरंच जिवंत आहे का ते पाहायला आले होते. प्रशील पाठमोरा उभा राहिला. वारा सुटला. मी पश्चात्ताप केला. लोक इतके शांत बसले की हेमांगीला वाटलं, जिंकलो. मी मेलो तेव्हा पुढच्या रांगेतले दोन गृहस्थ उठून उभे राहिले, मग सगळेच उठले आणि माना खाली घालून दोन मिनिटं स्तब्ध राहिले. नंतर चपला घालून निघाले. मग कोणीतरी म्हणालं की जुनं लावा, केळं मारल्याचं. हेमांगीनं लावलं, आणि दाजी, लोक असे हसले की मंदिराच्या पायरीवरून एक जण खाली घसरला. तेव्हा तुमच्या नातवाला सांगा की हसवणारा सुपरहिरो चालतो, धावतो, आणि झोका मजबूत असेल तर उडतोही. वाद मिटला. कॅसेट जाळायचं नाव काढू नका. घरातल्या मोठ्यांना नमस्कार सांगायचा तर तिथं तुमच्याहून मोठं कोणी नाही; तेव्हा तो तुम्हीच आरशात बघून घ्या.

तुमच्या एका केळानं मेलेला,
प्रेमराज

ता.क. भूमिका आणखी एक गोष्ट बोलून गेली, ती तुम्हाला सांगू नका असं म्हणाली होती. जळगावहून परत आल्यावर तुमची पिशवी तिनं उघडली, तेव्हा त्यात एक सदरा होता आणि डांबरगोळ्यांच्या वासाचा, सोनेरी झालरीचा लाल पडदा होता. कॅसेट जाळा म्हणणारा माणूस पडद्याला डांबरगोळ्या घालतो होय? आणि तो माझ्यावर पांघरायला आणत होतात का? करपासुरावर केळीकुमारचा पडदा! मी हे दिपमालाला सांगणार होतो, पण डोळ्यांत काजळ नसतानाही माझे डोळे त्या दिवशी चुरचुरत होते.

ता.क. २. वर सिनेमाच्या दिवसाबद्दल जे लिहिलं ते जरा मधलं गाळून लिहिलं. खरं असं झालं की हेमांगीनं जुनी कॅसेट पहिल्यांदा लावली तेव्हा कोणीही हसलं नाही. मीसुद्धा नाही. मंदिराच्या भिंतीवर दोन पोक्त माणसं उन्हात पडदा आणि घोंगडी घेऊन धडपडत होती, आणि ते बघवत नव्हतं. तुमचं खरं आहे असं मला वाटलं. आपण हसवत नव्हतोच. मी खजील होऊन उठलो, तेव्हा वना मागून म्हणाला, "हेमांगी, आवाज असा मेल्यागत का येतोय?" ती म्हणाली की तिनं टेपमधला सगळा गोंगाट साफ केला आहे, पाठीमागून कोणीतरी सारखं हसत होतं, ते काढायला तिला फार मेहनत पडली. तिला समज आली तोवर तिची फुई, म्हणजे आपली ताई, आजारीच पडली होती, दाजी. पोरीच्या कानात ते हसू राहिलंच नव्हतं. मी तिला म्हटलं, गोंगाट परत घाल. तिनं घातला. आधी उचकीसारखं एक, मग पदरात दाबलेलं, मग पदर सुटल्यावरचं, तुमच्याकडून उचललेल्या अहिराणीत, "ओ माय वं, पोट दुखी राहिनं मन्हं!" आणि मग सगळं गाव हसायला लागलं. तेव्हा सुपरहिरोनं हसवावं की नाही, हे मला माहीत नाही. आपण कधी हसवलंच नाही. ती हसत होती.

ता.क. ३. मुख्य गोष्ट राहिली. ते घडाचं दृश्य आता आवाजासकट ऐकलं. धोतर सुटायला लागलं तेव्हा उसळलेल्या हशात मागून ओरडलं कोण, ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. बांगड्या वाजवून भागणार नव्हतं, म्हणून ती खुर्चीतून उठली असावी. उखाण्यातसुद्धा तुमचं नाव तिनं अर्धं गिळलं. पण हे नाव घ्यायला तिला कुठली आडकाठी नव्हती. सगळ्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात ती हाक मारते, "ओ केळीकुमार, धोतर सुटी राहिनं!" आणि तुम्ही वळून बघता. आम्हाला वाटायचं, तुम्ही कॅमेऱ्याकडे बघता. दाजी, आखाजीला या. पडदा आणा किंवा नका आणू, गुडघ्याला शेक मी देईन, झोक्याला दोर नवा घेतला आहे. खोलीत एकटे बसून ती हाक ऐका, हवी तेवढ्या वेळा. काडेपेटी मी ओट्यावर काढून ठेवतो. ऐकून झाल्यावरही कॅसेट जाळावीशी वाटली तर जाळा.